निरोपानंतरचं गाणं: युरोव्हिजनमधला पोर्तुगाल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना ॲबा हा स्वीडनचा पॉप गट आठवतो आणि गप्पा तिथेच थांबतात. पण ॲबा ज्या रात्री जिंकला त्याच रात्री, त्याच रंगमंचावर पोर्तुगालचं एक गाणं तळाला राहिलं होतं. अठरा दिवसांनी लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावर तेच गाणं लागलं आणि बराकींमध्ये जागत बसलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी ओळखलं, की उठावाची वेळ झाली. या गाण्याबद्दल आणि पोर्तुगालच्या एकूण वाटचालीबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

युरोव्हिजन म्हणजे नेमकं काय? गाणं देश पाठवतो म्हणजे सरकार पाठवतं का?

सरकार नाही, त्या देशाची सार्वजनिक प्रसारण संस्था पाठवते. म्हणजे आपल्याकडे असतं तर दूरदर्शनने पाठवलं असतं. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन ही अशा संस्थांची संघटना ही स्पर्धा भरवते. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला पहिली स्पर्धा झाली, तेव्हा सात देश होते. प्रत्येक देशाचं एक गाणं, ते जास्तीत जास्त तीन मिनिटांचं, आणि स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. जिंकणारा देश साधारणपणे पुढच्या वर्षीचा यजमान होतो. बाकीचे नियम दर काही वर्षांनी बदलत आले आहेत आणि त्यातले काही या गोष्टीत महत्त्वाचे आहेत, ते त्या त्या ठिकाणी येतील.

इतके देश आहेत, मग पोर्तुगालच का?

स्वीडन आणि आयर्लंड यांनी सात-सात वेळा स्पर्धा जिंकली आहे. आकडेच बघायचे तर त्यांच्याबद्दल लिहायला हवं. पोर्तुगाल एकदाच जिंकला आणि त्यासाठी त्याने त्रेपन्न वर्षं वाट पाहिली. पण एखाद्या देशाचं गाणं त्या देशाच्या आयुष्यात किती खोल जाऊ शकतं हे बघायचं असेल, तर माझ्या मते पोर्तुगालसारखं दुसरं उदाहरण नाही. शिवाय या गोष्टीचा एक धागा गोव्यातून आणि महाराष्ट्रातून जातो. तो ओढूनताणून आणलेला नाही, हे पुढे वाचाल तेव्हा पटेल.

पोर्तुगाल आपलं गाणं कसं निवडतो?

‘फेस्तिव्हाल दा कान्साओं’ नावाची राष्ट्रीय स्पर्धा आहे. तिथली सार्वजनिक वाहिनी, आरटीपी, ती १९६४ पासून घेते. यात जिंकणारं गाणं युरोव्हिजनला जातं. या स्पर्धेकडे फक्त चाळणी म्हणून बघू नका. तिथे पूर्वी ही रात्र म्हणजे सगळं घर टीव्हीसमोर बसण्याची रात्र असे. देशातले नावाजलेले कवी तिच्यासाठी गीतं लिहीत आणि नावाजलेले संगीतकार चाली बांधत. भावगीतांच्या काळात आपल्याकडे कवी आणि संगीतकार जसे एकमेकांच्या शेजारी बसत, तसंच हे. १९७६ साली तर फादो, म्हणजे पोर्तुगालचं पारंपरिक हळवं गाणं, गाणारे कार्लुश दु कार्मु यांनी राष्ट्रीय फेरीतली सगळीच्या सगळी गाणी एकट्याने गायली, आणि त्यांतलं एक गाणं निवडून हेगला, त्या वर्षीच्या युरोव्हिजनला, गेलं.

पहिल्याच वर्षी शून्य गुण मिळाले, हे खरं आहे का?

खरं आहे. १९६४, कोपनहेगन. आंतोनियो काल्वारियो यांनी ‘ओरासाओं’, म्हणजे ‘प्रार्थना’, गायलं आणि एकाही देशाने एकही गुण दिला नाही. पदार्पणातच शून्य मिळण्याची ही पहिली वेळ होती.

त्या रात्रीची दुसरी घटना जास्त बोलकी आहे. कार्यक्रम चालू असताना एक माणूस फलक घेऊन थेट रंगमंचावर आला. फलकावर ‘फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका’ असं लिहिलेलं होतं. स्पेनमध्ये फ्रँको आणि पोर्तुगालमध्ये सालाझार, दोन्हीकडे हुकूमशाही होती. पोर्तुगालच्या पहिल्यावहिल्या गाण्यालाच त्या राजवटीची सावली चिकटली होती. त्या कार्यक्रमाचं संपूर्ण चित्रीकरण आज उपलब्ध नाही, ध्वनिमुद्रण आणि काही तुकडे तेवढे उरले आहेत. त्यामुळे तो क्षण कल्पनेनेच बघावा लागतो.

हुकूमशाहीत गाणी सेन्सॉर होत नव्हती का?

होत होती. वर्तमानपत्रं, पुस्तकं, नाटकं, गाणी, सगळ्यावर निळ्या पेन्सिलीची काट पडायची. तरीही या स्पर्धेत काही गाणी त्या काटेखालून निसटली, आणि ती कशी निसटली हे बघण्यासारखं आहे.

त्यात एक नाव सतत येतं: जुझे कार्लुश आरी दुश सांतुश. हा डाव्या विचारांचा कवी. १९६९ साली त्याने लिहिलेलं ‘देशफोल्यादा पोर्तुगेझा’ सिमोन द ऑलिव्हेरा यांनी माद्रिदला गायलं. देशफोल्यादा म्हणजे मक्याची कणसं सोलण्याचा सोहळा. गावकरी एकत्र बसून कणसं सोलतात, गाणी म्हणतात, चेष्टामस्करी चालते. आपल्याकडे खळ्यावर जे चालायचं त्याच जातीचं. गाणं वरवर मातीचं आणि शेताचं आहे. पण त्यात एक ओळ अशी आहे की मूल जो जन्माला घालतो, तो ते आवडीने घालतो. चर्चच्या धाकातल्या त्या देशात एका बाईने दूरदर्शनवर शरीराच्या आनंदाबद्दल असं उघड गावं, याने खळबळ माजली. माद्रिदला चारच गुण मिळाले. पण सिमोन आगगाडीने लिस्बनला परतल्या तेव्हा स्टेशनवर त्यांच्या स्वागताला प्रचंड गर्दी लोटली होती. ते चार गुण कोणी मोजत बसलं नव्हतं.

मग १९७३ साली त्याच कवीचं ‘तोउरादा’. तोउरादा म्हणजे रिंगणातली माणसाची बैलाशी झुंज. फर्नांदो तोर्दो यांनी ते गायलं. रिंगणातला बैल, भालेवाले, प्रेक्षकांतले मानकरी असं सगळं त्यात आहे. ऐकणाऱ्याला कळत होतं की रिंगण म्हणजे देश आणि मानकरी म्हणजे राजवटीचे लाभार्थी. सेन्सॉरने ते सोडलं आणि ते लक्झेंबर्गला जाऊन दहावं आलं. वर्षभरात राजवटच गेली.

१९७४ ला नेमकं काय झालं?

६ एप्रिल १९७४, इंग्लंडमधलं ब्रायटन, ब्रायटन डोम हे सभागृह. सतरा देश. प्रत्येक देशात दहा परीक्षक आणि प्रत्येकाच्या हातात एक मत, असा तेव्हाचा हिशोब होता. म्हणजे एकूण १७० मतं. त्यांतली २४ ॲबाला मिळाली आणि स्वीडन जिंकला. पाउलो द कार्वाल्यो यांना तीन मिळाली. पोर्तुगाल, नॉर्वे, जर्मनी आणि स्वित्झर्लंड असे चार देश तीन-तीन मतांवर, एकत्र शेवटचे.

गाण्याचं नाव ‘ए देपोइश दु आदेउश’, म्हणजे ‘आणि निरोपानंतर’. शब्द जुझे निझा यांचे, संगीत जुझे काल्वारियो यांचं. प्रेम संपल्यावर उरलेल्या माणसाचं हे गाणं आहे. मी कोण, मी इथे काय करतोय, हे जाणून घ्यायचं होतं, अशी त्याची सुरुवात होते.

चित्रफीत सहज सापडते, जरूर बघा. पाउलो आधीच्या काळात एका बीट बँडमध्ये ड्रम वाजवायचे, पण इथे ते हातात काही नसलेला, सरळ उभा राहिलेला गायक आहेत. सुरुवात अगदी खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी. मग वाद्यवृंद हळूहळू भरत जातो आणि शेवटाकडे आवाज असा मोकळा सुटतो की आता हा माणूस रडेल असं वाटतं. तो रडत नाही. हे गाणं मला ॲबाच्या त्या वर्षीच्या गाण्यापेक्षा जास्त आवडतं, आणि हे मी गाण्याचा पुढचा इतिहास बाजूला ठेवून सांगतोय.

त्या वर्षी राजकारण गाण्यांच्या आसपासच घुटमळत होतं. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पाँपिदू चारच दिवस आधी वारले म्हणून फ्रान्सने माघार घेतली. इटलीच्या गाण्याचं नाव होतं ‘सी’, म्हणजे ‘हो’. तिकडे घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत तोंडावर आलेलं, आणि मतपत्रिकेवर ‘हो’ की ‘नाही’ असाच प्रश्न. त्यामुळे इटलीच्या वाहिनीने स्पर्धा तेव्हा दाखवलीच नाही. ते गाणं मात्र ब्रायटनला दुसरं आलं.

हेच गाणं क्रांतीचा इशारा कसं झालं?

पोर्तुगालमध्ये १९२६ च्या लष्करी उठावापासून लोकशाही नव्हती. सालाझार १९७० साली वारले, पण त्याआधीच, १९६८ पासून, मार्सेलो कायतानो सत्तेवर आले होते आणि व्यवस्था तीच राहिली. अंगोला, गिनी-बिसाऊ आणि मोझांबिक या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत १९६१ पासून एकामागून एक युद्धं पेटली आणि ती संपायचं नाव घेत नव्हती. घरटी एखादा मुलगा आफ्रिकेत, अशी स्थिती. शेवटी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनीच, त्यांत कॅप्टन दर्जाचे जास्त, राजवट उलथायचं ठरवलं. आखणी होती मेजर ओतेलो साराइव्हा द कार्वाल्यो यांची.

अडचण साधी होती. देशभर पसरलेल्या तुकड्यांना एकाच वेळी ‘तयार व्हा’ कसं सांगायचं? फोन केले तर गुप्त पोलीस ऐकणार. रेडिओ मात्र प्रत्येक बराकीत होता.

२४ एप्रिलच्या रात्री ‘एमिसोरेश आसोसियादुश द लिझबोआ’ या केंद्रावर निवेदक जुआंव पाउलो दिनीश माइकसमोर होते. त्यांनी वेळ सांगितली: अकराला पाच मिनिटं कमी. आणि मग, आपल्यासोबत आहेत पाउलो द कार्वाल्यो, यंदाच्या युरोफेस्टिव्हलचं गाणं. गाणं सुरू झालं. सामान्य श्रोत्याला हे नेहमीचंच, गेले काही आठवडे कानावर पडणारं. ज्यांना माहीत होतं त्यांच्यासाठी त्याचा अर्थ होता: तयारीला लागा.

या केंद्राचा पल्ला लिस्बनच्या परिसरापुरता होता. म्हणून दुसरा इशारा देशभर ऐकू जाणाऱ्या केंद्रावरून द्यायचा होता. मध्यरात्रीनंतर १२ वाजून २० मिनिटांनी ‘रादियो रेनाशेन्सा’वर झेका आफोन्सो यांचं ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’ लागलं. या गाण्याच्या सुरुवातीला वाद्य नाही. खडीवर पडणाऱ्या पावलांचा आवाज आहे, बरीच माणसं एका लयीत चालल्यासारखा, आणि मग आवाज लागतो. हा दुसरा इशारा म्हणजे ‘निघा, आता माघार नाही’.

पहाटे तुकड्या लिस्बनमध्ये शिरल्या. सांतारेंहून कॅप्टन साल्गेइरो माइया आपली वाहनं घेऊन नदीकाठच्या तेरेइरु दु पासो चौकात आले, तिथून कार्मु बराकीकडे. कायतानो तिथे आत होते. संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली. गुप्त पोलिसांनी आपल्या मुख्यालयातून जमावावर गोळ्या झाडल्या, त्यात चार माणसं गेली. बाकी त्या दिवशी लिस्बनमध्ये लोक घरात राहा म्हणून सांगितलं तरी रस्त्यावर आले होते.

या उठावाला कार्नेशन क्रांती म्हणतात, मग ही कार्नेशनची फुलं कुठून आली, हाही प्रश्न असतो. सेलेस्त काएइरो नावाची बाई एका उपाहारगृहात कामाला होती. त्या दिवशी उपाहारगृहाचा वर्धापनदिन, गिऱ्हाइकांना वाटायला फुलं आणून ठेवलेली. पण उठावामुळे ते बंद ठेवायचं ठरलं आणि मालकाने फुलं घरी न्या म्हणून सांगितलं. वाटेत एका सैनिकाने सिगारेट मागितली. तिच्याकडे नव्हती, म्हणून तिने हातातलं एक फूल दिलं. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचलं. हातातली उरलेली तिने बाकीच्या सैनिकांना दिली.

म्हणजे हे गाणं मुळात क्रांतीचं होतं?

नाही, आणि ही चूक फार होते. ‘ग्रांदोला’ तसं आहे. बंधुभावाचं, सत्ता लोकांची आहे म्हणणारं. ‘ए देपोइश दु आदेउश’ मात्र विरहगीत आहे. उलट ते राजकीय नव्हतं म्हणूनच पहिल्या इशाऱ्यासाठी सोयीचं ठरलं. युरोव्हिजनला जाऊन आलेलं, सगळ्यांच्या कानात बसलेलं, रेडिओवर कधीही लागलं तर कुणाची भुवई उंचावणार नाही असं. राष्ट्राने अधिकृतपणे पाठवलेल्या गाण्याला कोण अडवणार?

गाण्यामुळे क्रांती झाली असंही म्हणू नये. क्रांती अधिकाऱ्यांनी केली, आणि आफ्रिकेतल्या तेरा वर्षांच्या लढ्यांनी राजवट आधीच पोखरली होती. पण त्या रात्रीनंतर या शब्दांचे अर्थ बदलले, तेही खरं. ‘निरोपानंतर’ म्हटल्यावर पोर्तुगीज माणसाला आता प्रेयसी आठवत नाही, ती रात्र आठवते.

याचा गोव्याशी आणि महाराष्ट्राशी काय संबंध?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण सालाझार राजवटीने ते मान्यच केलं नाही. भारताशी राजनैतिक संबंध तुटलेले होते ते तुटलेलेच राहिले. लिस्बनच्या लेखी गोवा म्हणजे बळकावलेला पोर्तुगीज प्रांत होता, आणि हे पुढची तेरा वर्षं चाललं.

या काळातली एक आठवण मराठी संगीताशीच जोडलेली आहे. सांगलीचे मोहन रानडे गोवा मुक्तिसंग्रामात १९५५ साली पकडले गेले. त्यांना पुढे पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात ठेवलं. गोवा मुक्त झाला तरी रानडे आतच होते. त्यांच्या सुटकेसाठी इथे जी समिती धडपडत होती तिच्यामागे सुधीर फडके होते, आपले बाबूजी. रानडे जानेवारी १९६९ मध्ये सुटले. पाच वर्षांनी, क्रांतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, त्याच काशियाशचे दरवाजे उघडले आणि राजकीय कैदी बाहेर आले. त्या तुरुंगाचा फोटो बघताना मला दोन्ही गोष्टी एकदमच आठवतात.

क्रांतीनंतरच्या सरकारने भूमिका बदलली. ३१ डिसेंबर १९७४ ला नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं आणि संबंध पुन्हा जोडले गेले. पोर्तुगालतर्फे सही होती परराष्ट्रमंत्री मारियो सोआरिश यांची. भारताचे परराष्ट्रमंत्री तेव्हा कोण होते? यशवंतराव चव्हाण. ब्रायटनला तीन मतं मिळाली तो एप्रिल आणि कराडच्या यशवंतरावांची सही झाली तो डिसेंबर, वर्ष एकच.

पुन्हा सांगतो, गोवा त्या गाण्याने मुक्त झाला नाही. तो तेरा वर्षं आधीच झाला होता, आणि त्यासाठी माणसांनी तुरुंग भोगले, गोळ्या खाल्ल्या. पण पोर्तुगालने ते कबूल करायला जी राजवट जावी लागली, ती या गाण्याच्या रात्री गेली.

पुढच्या वर्षी पोर्तुगालने काय पाठवलं?

एक कॅप्टन. दुआर्ते मेंदिश स्वतः क्रांतीत सहभागी असलेले लष्करी अधिकारी. त्यांनी १९७५ साली स्टॉकहोमला ‘माद्रुगादा’, म्हणजे ‘पहाट’, गायलं, क्रांतीबद्दलचंच. सोळावे आले.

मग जिंकायला २०१७ का उजाडलं?

मधल्या काळात गाणी वाईट होती असं नाही. १९७९ ला मानुएला ब्राव्हो नवव्या, १९८० ला जुझे सिद सातवे, १९९१ ला दुल्स पोन्तिश आठव्या, १९९४ ला सारा ताव्हारिश आठव्या. १९९६ ला लुसिया मोनिश ओस्लोत सहाव्या आल्या आणि पुढची वीस वर्षं तोच उच्चांक राहिला. लगेच १९९७ ला पुन्हा शून्य.

अडचणींचं एक कारण शेजार. मतं शेजारी देश एकमेकांना देतात ही तक्रार जुनीच. पोर्तुगालला जमिनीवरचा शेजारी एकच, स्पेन. दुसरं कारण भाषा, त्याबद्दल पुढे. २००४ पासून उपांत्य फेरी आली आणि पोर्तुगाल तिथेच अडखळू लागला, अंतिम फेरी थेट २००८ ला दिसली. मध्ये काही वर्षं तर त्याने भागच घेतला नाही, २०१३ आणि २०१६ धरून.

२०१६ ची विश्रांती मात्र कामी आली. आरटीपीने राष्ट्रीय स्पर्धेची घडी नव्याने बसवली. संगीतकारांना बोलावलं आणि गायक तुम्हीच निवडा म्हणून सांगितलं. बोलावलेल्यांत लुईझा सोब्राल होत्या. त्यांनी आपल्या धाकट्या भावाला निवडलं.

साल्वादोर सोब्रालच्या गाण्यात असं काय होतं?

‘आमार पेलुश दोइश’. अर्थ असा, की तू प्रेम करू शकत नसशील तर तुझ्या वाट्याचंही मीच करेन. जुन्या जॅझच्या वळणाचं, तंतुवाद्यांवर तरंगणारं, ठेका नसलेलं गाणं.

१३ मे २०१७, कीव्ह. बाकीच्या गायकांमागे भल्यामोठ्या रंगमंचावर आगीचे लोळ, नर्तक, धूर. साल्वादोर मुख्य मंचावर गेलेच नाहीत. प्रेक्षकांच्या मधोमध एक छोटा गोल चौथरा होता, तिथे एकटे उभे राहिले. अंगात मापापेक्षा मोठा काळा कोट, केस मागे बांधलेले. गाताना दोन्ही हात छातीपाशी, बोटं अशी हलतात जणू हवेतल्या अदृश्य तारा छेडतायत. मध्येच खांदे आक्रसतात, डोळे मिटतात, चेहऱ्यावर हसू येतं आणि जातं. आपल्याकडे ख्याल गाणाऱ्याच्या हातवाऱ्यांची सवय असलेल्याला यात काही विचित्र वाटणार नाही. युरोपात अनेकांना वाटलं, आणि तरी सभागृह गप्प झालं. दहा हजारांच्या गर्दीच्या कार्यक्रमात अशी शांतता मी आधी ऐकली नव्हती.

त्यांना हृदयाचा गंभीर आजार होता. कीव्हमधल्या सुरुवातीच्या तालमींना ते येऊ शकले नाहीत, म्हणून लुईझा त्यांच्या जागी उभ्या राहून गायल्या. निकालात परीक्षकांचे ३८२, प्रेक्षकांचे ३७६, एकूण ७५८ गुण. दोन्हीकडे पहिले. दुसऱ्या आलेल्या बल्गेरियाला ६१५. जिंकल्यावर त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा, की संगीत म्हणजे आतषबाजी नाही, संगीत म्हणजे भावना. काही गायकांना ते लागलं. मला वाटतं तो माणूस त्या क्षणी मनातलं बोलत होता. मग प्रथेप्रमाणे विजयी गाणं पुन्हा गायचं होतं, तेव्हा त्यांनी बहिणीला मंचावर बोलावलं आणि दोघांनी आळीपाळीने गायलं. त्याच डिसेंबरमध्ये त्यांच्यावर हृदय प्रत्यारोपण झालं.

त्या आठवड्यात त्यांनी पत्रकार परिषदेत निर्वासितांना मदत करा असं सांगणारा सदरा घातला होता. आयोजकांनी तो राजकीय संदेश ठरवून पुन्हा घालू नका म्हणून कळवलं. स्पर्धेत राजकारण चालत नाही, असा नियम आहे. ज्या देशाच्या गाण्यावर सत्तापालट झाला, त्याच्याच गायकाला हे सांगितलं जावं, हे मला आजही खुपतं.

पोर्तुगाल नेहमी पोर्तुगीजमध्येच का गातो?

१९६६ ते १९७२ आणि १९७७ ते १९९८ या काळात आपल्याच भाषेत गाण्याची सक्ती होती. मधली चार वर्षं आणि १९९९ नंतर मोकळीक. १९७४ ला ॲबा इंग्रजीत गाऊ शकले ते या मोकळिकीमुळेच. पाउलो मात्र पोर्तुगीजमध्ये गायले. १९९९ नंतर बहुतेक देश इंग्रजीकडे वळले तरी पोर्तुगाल आपल्या भाषेला धरून राहिला, अधूनमधून काही ओळी इंग्रजी. संपूर्ण इंग्रजी गाणं त्यांनी पहिल्यांदा पाठवलं २०२१ साली. तोवर ते पोर्तुगीजमध्येच गाऊन जिंकलेही होते. मराठीत गाणं चालेल का, बाहेरच्यांना कळेल का, असं विचारणाऱ्यांना मी कीव्हची चित्रफीत पाठवतो.

२०१८ नंतर काय?

२०१८ ला लिस्बनने तेजो नदीकाठी स्पर्धा भरवली. साल्वादोर नव्या हृदयासह येऊन ब्राझीलच्या कायतानु व्हेलोझो यांच्यासोबत गायले. यजमानांचं गाणं मात्र सव्विसावं, म्हणजे शेवटचं. २०२० ची स्पर्धा कोरोनामुळे रद्द झाली. २०२२ ला मारो ‘सौदाद, सौदाद’ घेऊन नवव्या आल्या, २०२४ ला इयोलांदा दहाव्या. २०२५ चं नापा या बँडचं ‘देशलोकादो’ मला या सगळ्यांत आवडतं. मदैरा बेटावरून शहरात आलेल्या मुलाला घर आठवतं, इतकाच विषय. कोकणातून मुंबईला आलेल्या कुणालाही शब्द न कळता कळेल. ते एकविसावं आलं.

भारतातून बघता येतं का? मत देता येतं का?

दोन्ही. अंतिम फेरी साधारणपणे मे महिन्यातल्या शनिवारी असते, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होते, म्हणजे तारखेने रविवार. स्पर्धेच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर बघा. २०२३ पासून भाग न घेणाऱ्या देशांतल्या प्रेक्षकांना ऑनलाइन मत देता येतं. त्याला पैसे पडतात आणि अशा सगळ्या देशांची मतं मिळून एका देशाइतकी धरली जातात.

ऐकायला कुठून सुरुवात करू?

आधी १९६९ चं सिमोन यांचं, मग १९७३ चं ‘तोउरादा’, मग १९७४ चं. त्यानंतर ‘ग्रांदोला’ ऐका, ते युरोव्हिजनचं नाही पण त्याशिवाय जोडी पुरी होत नाही. मग एकदम २०१७.

ऐकताना ‘आदेउश’ या शब्दाकडे लक्ष द्या. निरोपाचा हा शब्द गोव्यात आजही जिवंत आहे. तोर्कातो द फिगेरेदो यांचा ‘आदेवस करचो वेळ पावलो’ हा मांडो गोव्यात कार्यक्रम संपताना म्हटला जातो, निरोप घ्यायची वेळ आली, असं सांगणारा. पाउलोंचं गाणं त्यानंतर काय, हे विचारतं. मी दर वर्षी २४ एप्रिलच्या रात्री ही दोन्ही लागोपाठ ऐकतो. लिस्बनमध्ये अकराला पाच कमी असतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे ३ वाजून २५ मिनिटं झालेली असतात, म्हणून गजर लावावा लागतो.